वीज कमी का पडते? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मार्च उजाडला की सोलापुरात दोन विषय निघतात, उजनीचं पाणी आणि लाईट. दुसऱ्या विषयावर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे एका वाक्यात सांगितलं की गैरसमजच वाढतो.

वीज कमी पडते म्हणजे नेमकं काय कमी पडतं?

तीन वेगळ्या गोष्टी कमी पडू शकतात आणि आपण तिन्हींना एकच नाव देतो. पहिली म्हणजे निर्मिती: त्या घडीला जेवढी मागणी आहे तेवढी वीज तयार होत नाही. दुसरी म्हणजे पारेषण: वीज तयार आहे, पण ती इकडे आणणाऱ्या मोठ्या वाहिन्या आधीच भरलेल्या आहेत. तिसरी म्हणजे वितरण: वीज सबस्टेशनपर्यंत आली, पण तिथून पुढे निघणारी ११ केव्हीची लाईन (फीडर) किंवा गल्लीतला ट्रान्सफॉर्मर (डीपी) तेवढा भार झेलत नाही.

सोलापूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. धरण शंभर टक्के भरलं तरी शहरात नळाला काही दिवसांआडच पाणी येतं आणि समांतर जलवाहिनीचा, म्हणजे उजनीहून शहरात पाणी आणणाऱ्या जादा वाहिनीचा विषय वर्षानुवर्षं का गाजला, ते आपल्याला पाठ आहे. विजेचंही तेच. बातम्या मात्र कायम पहिल्या कारणाच्या येतात, म्हणजे मेगावॅटच्या. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिसऱ्या कारणात, म्हणजे शेवटच्या पाच-दहा किलोमीटरमध्ये असतं.

वीज साठवून का ठेवत नाहीत?

मोठ्या प्रमाणावर साठवणं आजही महाग आहे. ग्रिडमध्ये, म्हणजे सगळी वीजकेंद्रं आणि वाहिन्या जोडणाऱ्या जाळ्यात, दर सेकंदाला जेवढी वीज वापरली जाते, जवळजवळ तेवढीच तयार व्हावी लागते. हा तोल दाखवणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असते आणि ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर देशभरातल्या वीजकेंद्रांची फिरती चाकं एकदम जड होतात, वेग मंदावतो आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. ती फारच घसरली तर सबस्टेशनमधले रिले (आपोआप चालणारे स्विच) माणसाची वाट न बघता फीडर तोडतात. राज्याचा हा सगळा हिशेब ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात दिवसरात्र चालतो.

साठवणुकीचे प्रकार आहेत. पाणी रात्री किंवा दुपारी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची, असा २५० मेगावॅटचा प्रकल्प घाटघरला आहे. उजनीच्या पायथ्याशीही १२ मेगावॅटचं वीजगृह आहे आणि त्याचं यंत्र उलटं फिरवून पाणी वर चढवता येतं, हे जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत असतं. पण राज्याची कमाल मागणी ३० हजार मेगावॅटच्या आसपास जाते. त्यापुढे हे आकडे किती लहान, ते दिसतंच आहे. आता बॅटऱ्यांचे मोठे प्रकल्प येऊ लागलेत, त्यांनी संध्याकाळचे दोन-तीन तास निभावतील.

एनटीपीसीचा प्रकल्प आपल्या फताटेवाडीत आहे. मग आपलीच लाईट का जाते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो रागाने विचारला जातो. ते बरोबरही आहे. जमीन इथली, राख इथली आणि पाणी उजनीचं.

हा औष्णिक प्रकल्प ६६० मेगावॅटच्या दोन संचांचा, एकूण १३२० मेगावॅटचा आहे. पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक उत्पादनात आला. इथली वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवर चढते आणि राष्ट्रीय ग्रिडमध्ये मिसळते. कोणत्या राज्याचा किती वाटा, ते करारांनी ठरलेलं असतं. भौतिकदृष्ट्या बघितलं तर तिथली बरीचशी वीज जवळपासच वापरली जात असणार, कारण वीज करार बघून वाहत नाही. पण दक्षिण सोलापुरातल्या एखाद्या गावाची डीपी ६३ केव्हीए क्षमतेची असेल आणि तिच्यावर ९० चा भार असेल, तर शेजारी १३२० मेगावॅटचं केंद्र असलं काय नि नसलं काय, सारखंच. ती डीपी उडणारच.

सोलापूर–रायचूर लाईनचं एवढं कौतुक का?

३१ डिसेंबर २०१३ पर्यंत भारतात दोन ग्रिड होत्या. दक्षिणेची एक आणि उरलेल्या देशाची एक. दोघींची फ्रिक्वेन्सी वेगळी चालायची. मधे डीसी (एकदिश प्रवाहाच्या) जोडण्या होत्या, पण त्यांची वहनक्षमता मर्यादित होती. त्यामुळे मध्य भारतात वीज शिल्लक असली तरी दक्षिणेत टंचाई आणि वीज बाजारात दक्षिणेचा भाव वेगळा, चढा. त्या दिवशी ७६५ केव्हीची सोलापूर–रायचूर वाहिनी सुरू झाली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी वीजकेंद्रं एका तालात फिरू लागली. ‘एक देश, एक ग्रिड’ हे वाक्य ज्या तारांवर उभं आहे, त्या आपल्या जिल्ह्यातून जातात. ही गोष्ट सोलापूरच्या शाळांत शिकवायला हरकत नाही.

टंचाई म्हणजे दर वेळी कोळसा किंवा केंद्रं कमी असणं नव्हे, याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. दक्षिणेला हवा होता तो रस्ता.

देशात चार लाख मेगावॅटच्या वर क्षमता आहे, मागणी अडीच लाख. मग टंचाई कशी?

मार्च २०२४ अखेर देशाची स्थापित क्षमता ४ लाख ४२ हजार मेगावॅटच्या घरात होती आणि ३० मे २०२४ रोजी मागणीचा तोवरचा उच्चांक झाला, २ लाख ५० हजार मेगावॅट. आकडे शेजारी ठेवले की कुणालाही वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

स्थापित क्षमता ही पाटीवरची क्षमता असते. सौर प्रकल्पाची पाटी १०० मेगावॅटची असली तरी रात्री आठ वाजता त्यातून शून्य मिळतं. पवनचक्की वारा असेल तर. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट, पण पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी किती पाणी सोडायचं याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे, म्हणून ते केंद्र गरजेच्या तासांपुरतं राखून वापरतात. औष्णिक संच देखभालीसाठी बंद असतात, बॉयलरची नळी फुटते, कोळसा ओला येतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाच्या मालगाड्यांना वाट करून देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या होत्या, आठवत असेल. आणि पाणी! फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं औष्णिक केंद्र दुष्काळामुळे पूर्ण बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, थंड करायला पाणी नव्हतं. उजनीवर अवलंबून असलेल्या जिल्ह्याने हे विसरू नये.

मग दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी ओढाताण, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि दर वर्षी जास्तच खरं होत चाललंय. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, तेव्हा कोळशाचे संच खाली आणावे लागतात. पण ते साधारण ५५ टक्क्यांच्या खाली सहज उतरत नाहीत आणि एकदा बंद केले तर तासाभरात पुन्हा चालू होत नाहीत. सूर्य कलला की सौर उत्पादन झपाट्याने उतरतं आणि नेमकं त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, कूलर, एसी लागतात. एप्रिल-मे मध्ये सोलापुरात रात्री नऊलाही भिंती तापलेल्याच असतात, कूलर बंद होत नाही. संध्याकाळी सात ते रात्री अकरा हा खरा कसोटीचा काळ. त्या वेळी बाजारातली वीज १० रुपये युनिट या कमाल मर्यादेला जाऊन टेकते, आणि कधी कधी त्या भावालाही मिळत नाही.

दिवसाच्या वापराला सवलत देणारे वेळेनुसार दर आणि त्यासाठीचे नवे मीटर आले ते यामुळेच. मीटरबद्दल लोकांच्या शंका आहेत आणि त्या विचारायलाच हव्यात. पण दुपारी पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीन लावणं हे ग्रिडच्या दृष्टीने खरोखर उपयोगाचं आहे.

आमच्या डीपी सारख्या का जळतात?

हिशेब करून बघू. १०० केव्हीएच्या डीपीतून खालच्या बाजूला प्रत्येक फेजवर (तीन वीजवाहक तारांपैकी एकीवर) साधारण १३० अँपिअर मिळतात. पाच एचपीचा पंप चालू असताना साडेसात-आठ अँपिअर घेतो. म्हणजे सोळा-सतरा पंप झाले की डीपी भरली. कागदावर तेवढेच असतात. शिवारात गेलं की पाचच्या मंजुरीवर साडेसातची मोटर बसवलेली दिसते, कारण बोअर आणखी खाली गेलंय. वर दोन-चार आकडे, म्हणजे तारेवर टाकून चोरलेली वीज. ऊस वाळायला लागला की कोण कुणाला थांबवणार?

आता यात ‘ऑटो’ आणा. मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. माणूस विहिरीवर जाऊन बटण दाबत होता तेव्हा पंप मागेपुढे सुरू व्हायचे. स्टार्टरला ऑटोस्विच बसवल्यावर लाईट आली रे आली की सगळ्या मोटरी एका दमात उठतात. पंधरा-सोळा पंपांचे मिळून सातशे अँपिअरच्या आसपास, तेही १३० वाल्या डीपीवर. फ्यूज उडतो. अंधारात कोणीतरी काठीने पुन्हा बसवतो. दोनदा उडाला की किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या खोक्यात) जाड तार येते, आणि तिथे डीपीचं शेवटचं संरक्षणही संपतं. पुढच्या वेळी फ्यूजऐवजी आतली वायंडिंग जाते.

उष्णता वेगळीच. डीपीतलं तेल तिला थंड ठेवतं. सोलापूरचा पारा ४२-४३ वर असताना हवाच गरम, तेल निवणार कशाने? आतल्या वायंडिंगचं तापमान नेमस्त मर्यादेच्या वर दर सहा ते दहा अंश गेलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होत जातं, असा विद्युत अभियंत्यांचा ठोकताळा आहे. तेल कमी झालेलं असेल, किंवा चोरीला गेलं असेल, तर काही बोलायलाच नको.

आणि जळाल्यावर काय होतं ते गावाला सांगायला नको: वर्गणी, ट्रॅक्टर, हेलपाटे. नियमाप्रमाणे हा खर्च शेतकऱ्याने करायचा नाही. पण पीक आठ दिवस थांबत नाही, म्हणून तो करतो.

यावर शेतकऱ्याच्या हातात काही आहे का?

दोन गोष्टी, दोन्ही स्वस्त. ऑटो काढणं, निदान प्रत्येकाने थोडा उशीर लावणं. आणि कॅपॅसिटर. पाच एचपीच्या मोटरीला दोन केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप) कॅपॅसिटर बसवला तर लाईनवरून येणारा करंट साधारण १५ ते २० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे त्याच डीपीवर दोन-तीन पंपांची जागा निघते. अडचण एवढीच की एकट्याने बसवून फायदा सगळ्यांना होतो, त्यामुळे एकटा कोणीच बसवत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच जमतं.

व्होल्टेज डीम झालं की मोटर का जळते? वीज कमी म्हणजे मोटरीला त्रास कमी नको का?

उलट होतं. मोटरीला ठरावीक पाणी ठरावीक उंचीवर चढवायचंच असतं. व्होल्टेज कमी मिळालं की ती तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढते, आणि वायंडिंग तापते करंटने. लाईनचंही तसंच: करंट दुप्पट झाला तर तारेतला उष्णतेचा तोटा चौपट होतो. म्हणून पंचवीस किलोमीटर लांब फीडरच्या टोकावरच्या गावाला कायम डीम लाईट मिळते आणि सबस्टेशनजवळच्याला कळतही नाही.

शेतीला रात्रीच थ्री फेज का देत होते?

कारण रात्री बारानंतर बाकीची मागणी झोपलेली असायची आणि दिवसा सगळ्यांना एकदम द्यायला फीडर व निर्मिती दोन्ही पुरत नव्हती. म्हणून आठवड्यात काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री, अशी पाळी. ग्रिडचं गणित बरोबर होतं, माणसाचं नव्हतं. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारे धरायला जायचं, साप-विंचू, आता करमाळ्याकडे बिबट्याही.

सौरऊर्जेने हे गणित उलटं केलंय. वीज आता दिवसा जास्त आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये सबस्टेशनजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे आहेत. यात मला आवडणारी गोष्ट अशी, की वीज जिथे लागते त्याच्या जवळ तयार होते, लांबच्या वाहिन्यांवरचा भार वाचतो. डीपीचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. सगळे पंप दिवसा एकदम चालू झाले तर तो वाढूही शकतो. शिवाय २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे, त्यामुळे पाचच्या जागी साडेसात बसवताना कुणी फारसा विचार करत नाही.

साखर कारखाने वीज विकतात. जिल्ह्यात इतके कारखाने असून टंचाई का?

कारखाना चालतो उसावर, आणि हंगाम असतो साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत. बगॅस (उसाचा चोथा) संपला की सहवीजनिर्मिती बंद. मागणी शिगेला पोचते एप्रिल-मे मध्ये. वेळच जुळत नाही.

यंत्रमागवाल्यांचं नुकसान किती होतं? तासभर लाईट गेली तर तासभराचंच ना?

नाही. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही कारखान्यात जाऊन विचारा. माग चालता चालता लाईट जाते तेव्हा धोटा (आडवा धागा घेऊन फिरणारा भाग) मधेच अडकतो, काही धागे तुटतात. लाईट आल्यावर आधी तुटलेले धागे जोडायचे, मग माग लावायचा. थांबल्या जागी कापडावर आडवी रेघ उमटते. टॉवेलवर ती रेघ दिसली की तो नग सेकंडमध्ये जातो, त्याचा भाव वेगळा. दहा मिनिटं गेलेली लाईट अर्धा तास खाते. कामगाराची मजुरी नगावर असते, त्यामुळे तेवढा वेळ त्याच्याही खिशातून जातो. जनरेटर लावावा तर डिझेलची वीज लाईनच्या कित्येक पट महाग पडते आणि टॉवेलच्या नफ्यात ती बसत नाही.

सांगून दोन तास जाणारी लाईट परवडते, न सांगता पाच वेळा जाणारी परवडत नाही, असं इथले लोक म्हणतात ते यासाठी.

लोडशेडिंग आहे की फॉल्ट, कसं ओळखायचं?

लोडशेडिंग ठरवून करतात, वेळापत्रकाने, आणि पूर्ण फीडर बंद होतो. २००५ नंतरची काही वर्षं राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट होती. तेव्हा फीडरचे वीजगळती आणि वसुलीनुसार गट केले होते. जास्त गळती, जास्त अंधार. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची आणि मुंबईत मात्र भारनियमन नव्हतं. प्रामाणिकपणे बिल भरणारा माणूस शेजाऱ्याच्या आकड्यामुळे अंधारात बसायचा, ही त्या पद्धतीतली खोच होती.

आज अचानक जाणारी लाईट बहुतेक वेळा फॉल्टची असते. फक्त तुमचीच गल्ली गेली असेल तर डीपी किंवा फ्यूज. एकच फेज गेली तर शेजारच्या घरात लाईट आणि तुमच्याकडे अंधार. वळवाचा वारा सुटला आणि पाच मिनिटांत सगळा भाग गेला तर झाडाची फांदी, फुटलेला पिन इन्सुलेटर, असं काहीतरी.

सगळी ग्रिडच बसू शकते का?

बसली आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत लागोपाठ दोनदा अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही गेला आणि ६० कोटींहून जास्त लोकांवर परिणाम झाला. पश्चिमेचा भाग त्यातून वाचला. तेव्हा पश्चिमेकडे वीज शिल्लक होती. ती उत्तरेकडे नेणाऱ्या वाहिन्यांपैकी काही कामासाठी बंद होत्या, उरलेल्या बिना–ग्वाल्हेर वाहिनीवर भार लोटला, ती ट्रिप झाली, तिचा भार इतरांवर गेला आणि मग एकेक करत सगळ्या सुटल्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईतही याच धर्तीवर झालं. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या एकामागून एक गेल्या आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. दोन्ही वेळा अडला तो रस्ता.

तक्रार करताना काय सांगावं?

१९१२ वर फोन करून नुसतं ‘लाईट नाही’ सांगू नका. ग्राहक क्रमांक, डीपीचा किंवा खांबाचा नंबर, फक्त तुमची लाईट गेली की सगळ्यांची, हे सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. डीम व्होल्टेजची तक्रार असेल तर मीटरने मोजलेला आकडा आणि वेळ रोज टिपा. डीपीची क्षमता वाढवून मागताना तिच्यावरच्या सगळ्यांनी सह्या करून एकच अर्ज द्यावा आणि त्यात प्रत्येकाचा खरा भार लिहावा. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. घरात दोन एसी आणि मंजूर भार एक किलोवॅट, असं असेल तर कागदावर तुमच्या डीपीवर भारच नाही, मग ती बदलायची कशाच्या आधारावर? आपला भार वाढवून घेतला की स्थिर आकार थोडा वाढू शकतो, म्हणून लोक टाळतात. मला विचाराल तर ते पैसे वसूल होतात.

छतावर सोलर बसवलंय, तरी लाईट गेली की घरात अंधार. फसवणूक झाली का?

नाही, ते तसंच बनवलेलं असतं. लाईट गेल्यावर खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईनवर वीज दिसली नाही की स्वतःहून बंद होतो. भर दुपारी उन्हातही. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळतं ते बहुतेक या साध्या प्रकारावर घेतलं जातं. लाईट गेल्यावरही पंखे चालायला हवे असतील तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. विक्रेत्याने हे आधी सांगितलं नसेल तर त्याला जाब जरूर विचारा. आणि अजून घ्यायचं असेल तर कोटेशनमध्ये ‘बॅटरीसह की बॅटरीविना’ ही ओळ आहे का, ते आधी बघा.